क्लाइव्हचे सोने नेमके कुणाचे?

१/ सन १९९७. लंडनमध्ये सोन्याच्या सुमारे १,४०० नाण्यांचा लिलाव जाहीर झाला. नाणी पोर्तुगाल आणि ब्राझीलची. पण ती रॉबर्ट क्लाइव्हच्या बुडालेल्या खजिन्यातील असल्याचे सांगितले गेले. लिलावापूर्वीच दक्षिण आफ्रिकेने हरकत घेतली : हे सोने आमच्या समुद्रातून बेकायदा काढलेले आहे.

२/ एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डॉडिंग्टन’ हे जहाज क्लाइव्हची सोन्याची पेटी घेऊन इंग्लंडहून मद्रासकडे निघाले. स्वतः क्लाइव्ह दुसऱ्या जहाजावर होता. १७ जुलै रोजी डॉडिंग्टन आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गोआ उपसागरातील बर्ड बेटापाशी खडकावर आदळून फुटले. सुमारे २७० जणांपैकी केवळ २३ वाचले.

३/ पहिली चोरी या बेटावरच झाली. लाटांनी किनाऱ्याला लावलेली खजिन्याची एक पेटी कुणीतरी फोडली आणि आतला बराच ऐवज लपवला. आपण चोरी केली नाही अशी शपथ घ्यावी, असे अधिकाऱ्यांनी सुचवताच काहींनी नकार दिला. पक्ष्यांची अंडी आणि मासे खाऊन जगणाऱ्या त्या माणसांना बेटावर सोन्याचा काडीचाही उपयोग नव्हता!

४/ फेब्रुवारी १७५६ मध्ये स्वतः बांधलेल्या छोट्या गलबतातून ते निसटले. त्याच महिन्यात क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. तेथील सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मोहिमेतील भागीदार पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. बेटावरची ती चोरी ठरली, विजयदुर्गची मात्र रीतसर वाटणी.

५/ डॉडिंग्टनचे अवशेष १९७७ मध्ये सापडले. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने अशा जुन्या अवशेषांतील वस्तू परवान्याशिवाय काढणे वा परदेशी नेणे गुन्हा होता. म्हणूनच लिलावाच्या वेळी कळीचा प्रश्न एकच उरला : नाणी नेमकी कुठे सापडली? ती आंतरराष्ट्रीय समुद्रातील असल्याचा दावा पुढे आला.

६/ इथेच पाण्याखालच्या चोरीचे मर्म आहे. पुरातत्त्वज्ञ वस्तू उचलण्यापूर्वी तिची जागा नोंदवतो. चोर ती नोंद होऊच देत नाही, आणि पुढे न्यायालयात तीच उणीव त्याच्या पथ्यावर पडते. नाणे आपले साल सांगते, टांकसाळ सांगते. ते कोणत्या खडकाखालून निघाले हे मात्र सांगत नाही.

७/ काही वर्षांच्या वाटाघाटींनंतर तडजोड झाली. नाण्यांचा एक हिस्सा दक्षिण आफ्रिकेला मिळाला. चोरी झाली की नाही, याचा निवाडा त्यातून झाला नाही.

८/ नोव्हेंबर २००१ मध्ये युनेस्कोने पाण्याखालील वारशाचा करार संमत केला. १०० वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या अवशेषांचा व्यापार करू नये, हे त्याचे एक मुख्य सूत्र. दक्षिण आफ्रिका २०१५ मध्ये त्यात सामील झाली. करार पुढच्या जहाजांना उपयोगी पडेल. क्लाइव्हच्या सोन्याची मात्र वाटणी होऊन गेली होती. बर्ड बेटावर झाली, तशीच.