सगळ्यांना माहीत होतं, बातमी मात्र नव्हती

'परफेक्ट ब्लू' नावाचा एक जपानी ॲनिमेशनपट आहे. दिग्दर्शक सातोशी कोन, साल १९९७, लांबी जेमतेम ऐंशी मिनिटं. ॲनिमेशन म्हटलं की आपण लेकरांना टीव्हीसमोर बसवून मोकळे होतो. हा सिनेमा मात्र लेकरांना अजिबात दाखवू नका. मोठ्यांनीही रात्री एकट्याने बघण्याआधी विचार करावा.

गोष्ट मीमा नावाच्या मुलीची. तीन मुलींच्या गाण्याच्या ग्रुपमधली ही एक. जपानमध्ये अशा कलाकारांना 'आयडॉल' म्हणतात. एजन्सी त्यांना कोवळ्या वयात उचलते, नाच-गाणं शिकवते आणि गोड, निरागस चेहरा म्हणून बाजारात उभं करते. मीमाने आता गाणं सोडून मालिकेत काम करायचं, असं ठरतं. सुरुवातीला एखाद्या वाक्याचं काम. मग भूमिका वाढते. कशी? तर तिच्यावर बलात्काराचा प्रसंग लिहून. मॅनेजर रुमी विरोध करते, एजन्सीवाला म्हणतो संधी आहे. मीमा 'करते' म्हणते.

पुढे खून होतात, एक माथेफिरू चाहता मागे लागतो, इंटरनेटवर कुणीतरी मीमाच्या नावाने तिची रोजनिशी लिहू लागतं. ट्रेनमधून उतरताना ती कुठला पाय आधी टाकते, इथपर्यंत! खरी मीमा कोण, हे तिचं तिलाच कळेनासं होतं.

पण माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भयंकर जागा खुनाची नाही, त्या शूटिंगची आहे. तिथे कुणीही खलनायक दिसत नाही. दिवे लागलेत, माणसं आपापल्या कामात आहेत. मध्ये 'कट' होतो तेव्हा तिच्या अंगावरचा नट हळूच तिची माफी मागतो. तीही ठीक आहे म्हणते. घरी येऊन मात्र कोसळते. तिला हे करायचंच नव्हतं, पण आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांना अडचणीत कसं आणायचं, हा तिचा प्रश्न. होकार तिचाच होता, फक्त नकाराला जागा कुणी ठेवली नव्हती.

हा सिनेमा जपानमध्ये १९९८ च्या फेब्रुवारीत लागला. आता त्याच देशातली खरी गोष्ट ऐका. सिनेमाशी तिचा थेट संबंध नाही. सिनेमा मुलींच्या धंद्यावर आहे, ही गोष्ट मुलांच्या. पण कारखाना तोच.

जॉनी किटागावा या माणसाने १९६२ साली मुलांच्या ग्रुपची एजन्सी काढली. पुढे ती इतकी मोठी झाली की तिची पोरं नसतील तर टीव्हीचं पान हलेना. १९९९ मध्ये 'शुकान बुन्शुन' या साप्ताहिकाने लेखमाला छापली, की हा माणूस कोवळ्या मुलांचं लैंगिक शोषण करतो. किटागावाने बदनामीचा दावा ठोकला. २००३ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने म्हटलं की शोषणाबाबतचा मुख्य मजकूर खरा आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच कायम राहिलं.

म्हणजे कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. मग काय झालं? काहीच नाही. बड्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी विषय जवळपास सोडूनच दिला. किटागावा २०१९ मध्ये ८७ व्या वर्षी वारला तोवर एजन्सीचा कर्ताधर्ता होता. टोकियो डोममध्ये त्याची भव्य श्रद्धांजली सभा झाली.

मार्च २०२३ मध्ये बीबीसीने माहितीपट दाखवला, तेव्हा बांध फुटला. माजी कलाकार उघडपणे बोलू लागले. ऑगस्टमध्ये चौकशी पथकाचा अहवाल आला. बळी शेकडो असावेत, आणि माध्यमांच्या मौनाने हे वाढू दिलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सप्टेंबरमध्ये एजन्सीने कबुली दिली, ऑक्टोबरमध्ये नावच बदललं.

लोक विचारतात, एवढ्या मोठ्या देशातले पत्रकार गप्प कसे बसले? पेपरात वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला याचं फार नवल वाटत नाही. बातमी थांबवायला दर वेळी फोन यावा लागत नाही. पानभर जाहिरात कुणाची येते, हे डेस्कवरच्या नव्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं. जपानी वाहिन्यांना त्या एजन्सीचे तारे हवे होते. एजन्सी सोडून गेलेल्या कलाकारांना काम मिळू नये म्हणून वाहिन्यांवर दबाव आणल्याच्या संशयावरून २०१९ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने एजन्सीला समजही दिली होती. गुन्हा करणारा एक होता, पण त्याची सोय बघणारे सगळे सभ्य, नोकरदार, संसारी लोक होते. मीमाच्या सेटवर होते तसेच.

सातोशी कोन २०१० मध्ये गेले, अवघ्या ४६ व्या वर्षी. २०२३ त्यांनी पाहिलं नाही.

एक साधा हिशेब करा. २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं तेव्हा जो पोरगा बारा वर्षांचा होता, तो २०२३ मध्ये बत्तीस वर्षांचा झाला. या वीस वर्षांत त्या एजन्सीत नवी पोरं येतच राहिली, आणि त्यांना पाठवणाऱ्या आईबापांच्या घरी रोज सकाळी पेपर पडत होता.

सिनेमा मिळाला तर जरूर बघा. आणि आपल्या गावातली एखादी गोष्ट चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असूनही छापून का येत नाही, असा प्रश्न पडला, तर आम्हा पत्रकारांना तोंडावर विचारा.