उभ्या गाडीचा इतिहास

आजचा भाग चाकांवर आहे, पण न फिरणाऱ्या चाकांवर.

जून 2020. लॉकडाऊनमुळे आमची गाडी पुण्यात पार्किंगमध्ये अडीच महिने उभी होती. एका रात्री आईला दवाखान्यात न्यायचं होतं. बघतो तर बॅटरी उतरलेली, मागचा टायर बसलेला. शेवटी शेजारच्या काकांनी नेलं. आई बरी झाली, पण प्रश्न डोक्यात राहिला: गाडी चाललीच नाही, मग बिघडली कशी?

पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. गाडी उभी राहिली म्हणून ती चपटी व्हायची नाही. 1845 मध्ये रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. ते विसरलं गेलं आणि 1888 मध्ये बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने तीच कल्पना पुन्हा आणली. प्रवास मऊ झाला, पण नुसतं उभं राहणंही गाडीला बाधू लागलं. रबरातून हवा हळूहळू झिरपते, महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय. सगळा भार एकाच जागी पडून टायर तिथे चपटा होतो. ऊन आणि ओझोनमुळे कडेला भेगा पडतात.

आता आपली एसटी बघा. पहिली बस 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जिल्ह्याबाहेरची सेवा थेट 20 ऑगस्टला सुरू झाली. मग ऑक्टोबर 2021 अखेरपासून एप्रिल 2022 पर्यंत संप. हजारो बस डेपोत उभ्या. अशा वेळी नुसता संप मिटून भागत नाही. हवा, बॅटरी, ब्रेक तपासल्याशिवाय बस गावाला जात नाही. आणि गावात तिची वाट बघणाऱ्याकडे बऱ्याचदा दुसरी गाडी नसते.

2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तुमच्यापैकी कोणी कॅम्पर घेतलीच, तर ती पावसाळाभर उभी राहणारच. तेव्हा हवा महिन्याला तपासा, गाडी थोडी पुढेमागे करा, टायर झाका. लेव्हलिंग जॅकचे दांडे पुसून आत घ्या, नाहीतर गंज धरतो. टायरवर शेवटचे चार आकडे 2319 असतील, तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यातला.

मी आता दर रविवारी गाडी काढतो. कुठे जायचं नसलं तरी.

भेटू पुढच्या भागात. तोवर खाली जाऊन एकदा टायर बघून या!