अद्भुतातला पहारेकरी

पेणजवळचा मिरगड, रोह्याजवळचा अवचितगड. शिवकाळात अशा किल्ल्यांच्या घेऱ्यात महार, कोळी, रामोशी यांचा पहारा असे. मराठी अद्भुत कादंबरीने मात्र राजपुत्र, राजकन्या आणि कारस्थानी प्रधान तेवढे उचलले. 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. सत्तावनचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणचा महार चाकरीला होता. त्याचा अनुभव या कथांत शिरला नाही. शिरणार कसा? लिहिणाऱ्याच्या ओटीवरच त्याला मज्जाव होता!

इंग्रज लेखक टोल्कीन १९१६ साली सोमच्या रणांगणावर होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली प्रेतांची दलदल त्या युद्धभूमीचे काही देणे लागते, हे त्यानेच नमूद केले आहे. त्यातला सॅम हा माळी. त्याच्यामागे लेखकाने युद्धात पाहिलेले साधे शिपाई आहेत. तिथे अधिकाऱ्याच्या लेखणीने तरी शिपायाला कथेत जागा दिली.

आमच्या शिपायाला लेखणी स्वतःच उचलावी लागली. महाडकडचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. त्यांना राक्षस कल्पावा लागला नाही. तो पाणवठ्यावर उभाच होता. पुढे महारांची सैन्यभरती थांबली तेव्हा, १८९४ साली, त्यांनी विनंतीपत्र तयार केले. पूर्वजांच्या पराक्रमाची कथा अशी अर्जात गेली. १९१७ साली युद्धाला माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली.