दीपगृह गृहप्रकल्प (लाइट हाउस प्रोजेक्ट्स)

नव्या बांधकाम तंत्रांचा प्रत्यक्ष वापर करून दाखवण्यासाठी भारत सरकारने सहा शहरांत उभारलेले गृहनिर्माण प्रकल्प. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने 2019 मध्ये जागतिक गृहनिर्माण तंत्रज्ञान आव्हान जाहीर केले आणि त्यातून 54 तंत्रे निवडली. त्यांपैकी सहा तंत्रांसाठी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा व लखनौ ही ठिकाणे ठरून 1 जानेवारी 2021 रोजी पायाभरणी झाली. प्रत्येक ठिकाणी सुमारे एक हजार सदनिका योजलेल्या होत्या.

राजकोट येथे बोगद्याच्या आकाराच्या पोलादी साच्यात भिंती व स्लॅब एकाच वेळी ओतले गेले, त्यामुळे विटांचे काम व बरेचसे गिलावाकाम उरले नाही. चेन्नईत कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे सुटे भाग (पहा : पूर्वनिर्मित काँक्रीट) जागेवर जोडले गेले, तर रांचीत संपूर्ण खोलीच घडवून आणून क्रेनने रचली गेली. लखनौत साचा काढून न घेता भिंतीतच ठेवला गेला.

नवे तंत्र आरंभी महाग पडत असल्याने प्रधानमंत्री आवास योजनेच्या (पहा) दीड लाख रुपयांच्या केंद्रीय साहाय्याखेरीज प्रतिघर 4 लाख रुपयांचे तंत्रज्ञान-नवोपक्रम अनुदान ठरवण्यात आले. प्रकल्पांचे खरे वैशिष्ट्य हे की बांधकामस्थळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी खुली ठेवण्यात आली. चेन्नईचा प्रकल्प मे 2022 मध्ये, तर राजकोटचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकार्पित झाला.