चाकाच्या आतलं चाक

एगैलातून सुट्टीवर घरी जाल, तेव्हा आईच्या दागिन्यांच्या डब्यात तळाशी बघा. निळ्या-सोनेरी दातेरी चाकाची एखादी पिन सापडली आणि त्या चाकाच्या आत आणखी एक छोटं चाक असलं, तर ती इनर व्हील क्लबची.

बाहेरचं चाक रोटरीचं. रोटरीत तेव्हा फक्त पुरुष. १९२३ च्या नोव्हेंबरात मँचेस्टरला रोटरी सदस्यांच्या बायका जमल्या, मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने. १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला. भारतात पहिला क्लब अहमदाबादला, १९५५ साली. पुढे आपल्याकडेही गावोगावी पदरावर ही पिन दिसू लागली.

पण सदस्य व्हायचं तर घरातला पुरुष रोटरीत हवा! म्हणजे मंगळसूत्रासारखीच ही खूणही नवऱ्याकडून आलेली. मला ते खटकतं. तरी हिशोब, सभा, भाषण यांचा सराव अनेकींना तिथेच झाला, हेही खरं.

कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबने १९७७ मध्ये बायकांना सदस्य केलं, म्हणून रोटरीने त्या क्लबलाच काढून टाकलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. १९८९ पासून रोटरी जगभर स्त्रियांना खुली झाली. इनर व्हीलमध्येही आता नात्याची अट राहिलेली नाही.

पिन मात्र तीच आहे. आईची सापडली, तर तिला विचारा, क्लबात तिच्याकडे कोणतं काम होतं?