श्वाइनफुर्टचे छर्रे आणि गोथेनबर्गची चिकणमाती

आज बोलायचं आहे ते तुमच्या डोक्यावरच्या पंख्यात, दारातल्या दुचाकीत आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत असलेल्या एका वस्तूबद्दल. पण सुरुवात मात्र करू युद्धापासून.

१४ ऑक्टोबर १९४३. इंग्लंडमधल्या तळांवरून अमेरिकेची २९१ बॉम्बफेकी विमानं जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावाकडे निघाली. त्यातली ६० पाडली गेली. प्रत्येक विमानात दहा माणसं. म्हणजे एका दुपारी सुमारे सहाशे माणसं परतली नाहीत. दोनच महिन्यांपूर्वी, १७ ऑगस्टला, याच गावावर आणि रेगेन्सबुर्गवर मिळून झालेल्या हल्ल्यातही ६० विमानं गेली होती. या गावात ना राजधानी, ना बंदर, ना तोफांचा कारखाना. तिथे बेअरिंगं बनत. जर्मनीची जवळपास निम्मी बेअरिंगं या एका गावातून येत असत.

अमेरिकी नियोजनकारांचा हिशेब सरळ होता. रणगाडा असो, विमान असो की लेथ, फिरणारं काहीही बेअरिंगवर फिरतं. बेअरिंग थांबलं की सगळं थांबेल. हा हिशेब बरोबर होता का? याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे: कुठल्या जागी कुठलं बेअरिंग लागतं, आणि कुठे ते नुसतं सवयीने बसवलेलं असतं? त्यासाठी आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

सगळ्यात जुनं बेअरिंग आपल्या ओळखीचं आहे. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातून आस जातो आणि मध्ये वंगण असतं, बस्स. वंगण आटलं की चाक करकरतं. यंत्रांच्या युगात लाकडाच्या जागी पितळ आलं, आणि १८३९ मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी कथिलावर आधारलेला एक मऊ मिश्रधातू आणला. आजही जुने फिटर 'बॅबिट ओतणं' म्हणतात ते यांच्याच नावावरून. शाफ्ट वेगाने फिरू लागला की तेल स्वतःहून त्याच्याखाली ओढलं जातं आणि शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. दोष एवढाच की यंत्र सुरू होताना आणि थांबताना तो थर नसतो. तेव्हा घासणं होतं, ताकद जास्त लागते, आणि तेल देणारा माणूस सतत जवळ असावा लागतो.

मग घासण्याऐवजी गडगडू द्यावं, ही कल्पना. १७९४ मध्ये वेल्समधल्या कार्मार्थनच्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या आसाभोवती खाच करून त्यात छर्रे बसवण्याचं पेटंट घेतलं. कल्पना उत्तम होती. पण पुढची जवळपास नव्वद वर्षं ती मोठ्या प्रमाणावर चालली नाही, आणि त्याचं कारण मला फार शिकवणारं वाटतं. दहा छर्‍यांपैकी एक केसाएवढा जरी मोठा असला, तरी सगळा भार त्या एकावर येतो. तो फुटतो, मग दुसरा फुटतो. छर्‍यांना गोल असून भागत नाही. ते एकसारखे गोल हवेत. १८८३ मध्ये फ्रीडरिश फिशर यांनी असे एकसारखे पोलादी छर्रे घासून काढणारं यंत्र बनवलं. कुठे? श्वाइनफुर्टमध्ये. सायकलचं वेड तेव्हा युरोपभर पसरत होतं, छर्‍यांना गिऱ्हाईक तयार होतं, आणि त्या एका यंत्राभोवती गाव वाढत गेलं. साठ वर्षांनी विमानं तिथे आली त्याचं मूळ हे.

आता स्वीडनला जाऊ. माझ्या मते बेअरिंगच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट इथे आहे.

गोथेनबर्ग शहरात गामलेस्टाडेन नावाची कापड गिरणी होती. स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर तिथे देखभालीचं काम बघायचा. त्या काळी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. छताखाली लांबच लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून पट्टे खाली यंत्रांकडे येत. मुंबईच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. जुन्या कामगारांच्या घरी या शाफ्टच्या गोष्टी ऐकायला मिळतात. असा शाफ्ट अनेक बेअरिंगांवर टेकलेला असतो आणि ती सगळी एका ओळीत असावी लागतात.

गोथेनबर्गची जमीन चिकणमातीची. इमारत थोडी थोडी खचायची, सरकायची. भिंत हलली की शाफ्ट वाकडा. वाकड्या शाफ्टवर साधं छर्‍यांचं बेअरिंग टिकत नाही, कारण छर्रे खाचेच्या कडेवर चढतात आणि तिथेच सगळा ताण येतो. बेअरिंग गेलं की पूर्ण शाफ्ट बंद, आणि शाफ्ट बंद म्हणजे त्यावरची सगळी यंत्रं बंद. नवं बेअरिंग परदेशातून यायला वेळ लागे.

दुसरा कोणी असता तर अधिक मजबूत बेअरिंगच्या मागे लागला असता. विंगक्विस्ट यांनी मान्य केलं की शाफ्ट वाकडा होणारच, जमीन आपल्या हातात नाही. मग त्यांनी छर्‍यांच्या दोन ओळी घेतल्या आणि बाहेरच्या कड्याचा आतला भाग चेंडूच्या आतल्या पृष्ठभागासारखा गोलाकार केला. आता आतलं कडं छर्‍यांसकट थोडं तिरकं झालं तरी छर्रे आपली जागा शोधून घेतात. १९०७ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. (जाता जाता: व्होल्वो ही मोटार कंपनी याच एसकेएफच्या पोटातून निघाली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'मी गडगडतो'.)

त्याच सुमाराला अमेरिकेत वेगळी अडचण होती. सेंट लुईसचे हेन्री टिमकेन घोडागाड्या बनवत. गाडी सरळ चालते तेव्हा चाकावर भार वरून खाली येतो. पण वळणावर गाडी बाजूलाही ढकलली जाते. सरळ रोलर वरचा भार पेलतात, बाजूचा नाही. टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रोलरचं पेटंट घेतलं. तिरपे बसवलेले हे रोलर दोन्ही भार एकदम घेतात. आज ट्रकच्या चाकात हेच असतात.

म्हणजे पुढचं पाऊल नेहमी छर्‍यांचं किंवा रोलरचंच, असं वाटेल. तसं नाही. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर होल्टवूड इथे जलविद्युत केंद्र होतं. उभ्या शाफ्टच्या टर्बाइनचं आणि जनित्राचं सगळं वजन एका बेअरिंगवर टेकतं. तिथे ते दीडशे टनांहून जास्त होतं. रोलरची बेअरिंगं या ओझ्याखाली लवकर झिजत. १९१२ मध्ये आल्बर्ट किंग्जबरी यांनी तिथे रोलर काढून पुन्हा तेलच आणलं. शाफ्टच्या कड्याखाली वेगवेगळे पाट बसवले, प्रत्येक पाट किंचित कलू शकेल असा. कललेल्या पाटावर तेल पाचरीसारखं शिरतं आणि सगळं ओझं उचलून धरतं. ऑस्ट्रेलियात मिशेल यांनीही स्वतंत्रपणे हेच शोधलं होतं. किंग्जबरींचं बेअरिंग अनेक दशकं चाललं. बैलगाडीच्या वंगणाचाच हा शहाणा झालेला वंशज.

आणखी एक जागा अशी आहे जिथे छर्रे फसतात: जिथे पूर्ण फिरणं नाहीच. १९३०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून नव्या मोटारी रेल्वेने दूर पाठवल्या जात. उतरवून चालवल्या तर चाकांची बेअरिंगं खडखडत, गाडी एक मैलही चाललेली नसताना. गाडीच्या हादऱ्यांनी छर्रे एकाच जागी थरथरत राहिले होते. ग्रीस बाजूला सरलं, आणि छर्‍यांच्या अंतरावर कड्यात खळगे पडले. म्हणूनच खोदकाम यंत्राच्या बाहूचे सांधे किंवा हायड्रॉलिक सिलिंडरची टोकं, जिथे हालचाल थोडीशीच आणि पुढे-मागे असते, तिथे छर्रे न घालता गोलाकार बुशचा सांधा बसवतात. पृष्ठभाग सगळा टेकतो, आणि तो तिरकाही वळू शकतो.

बेअरिंग किती दिवस टिकेल याचा हिशेब स्वीडनच्या पाल्मग्रेन यांनी १९२४ पासून मांडत आणला आणि लुंडबर्ग यांच्यासह १९४७ मध्ये पुरा केला. छर्‍यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. कॅटलॉगमधलं आयुष्य म्हणजे शंभरातली नव्वद बेअरिंगं जेवढी टिकतात तेवढं. दहा त्याआधी जाणार हे धरूनच.

आता पुन्हा श्वाइनफुर्टला. बॉम्बनी छपरं कोसळली, आगी लागल्या, पण खाली दबलेली बरीचशी यंत्रं पुन्हा चालू झाली. लगेच पुन्हा हल्ला होईल ही जर्मन मंत्री श्पेअर यांची भीती होती. पण साठ-साठ विमानं गमावल्यावर अमेरिकी विमानं तिथे परतली ती फेब्रुवारी १९४४ मध्ये. तोवर फिलिप केसलर यांच्याकडे बेअरिंगचा सगळा कारभार दिला गेला होता. कारखाने विखुरले, यंत्र बनवणाऱ्यांकडचे साठे शोधून काढले, आणि आराखडे एकेक करून तपासले. इथे छर्रे खरंच हवेत का? जिथे नको होते तिथे साधं बुश बसवलं. असं करता येण्याजोग्या जागा बऱ्याच निघाल्या. युद्धानंतर अमेरिकेच्याच पाहणीने निष्कर्ष काढला की या हल्ल्यांनी महत्त्वाचं उत्पादन थांबल्याचा पुरावा नाही.

स्वीडनचा खेळ वेगळाच होता. श्वाइनफुर्टमधला एक मोठा बेअरिंग कारखाना एसकेएफच्याच मालकीचा. तिकडे गोथेनबर्गचं बेअरिंग दोन्ही बाजूंना विकलं जाई. ब्रिटिशांची मॉस्किटो विमानं रात्री स्कॉटलंडहून स्टॉकहोमला जात आणि बेअरिंगं भरून आणत. बॉम्ब ठेवायच्या जागेत कधी एखादा प्रवासी झोपवून आणत. ऑक्टोबर १९४३ मध्ये शास्त्रज्ञ नील्स बोर असेच आले.

भारतात स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, जयपूरला नॅशनल बेअरिंग कंपनी निघाली आणि १९५० मध्ये तिची पहिली बेअरिंगं बाहेर पडली. साठच्या दशकात चिंचवड आणि बडोद्यातही कारखाने उभे राहिले. आज गल्लीतल्या दुकानात '६२०५ द्या' म्हटलं की डबी पुढे येते. शेवटच्या ०५ला पाचाने गुणा, पंचवीस; म्हणजे भोक २५ मिलिमीटरचं. आकार कळला. पण जागा कशी आहे हे त्या आकड्यात नाही.

ते जुन्या बेअरिंगमध्ये मात्र लिहिलेलं असतं. म्हणून गेलेलं बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका; कापून, पुसून कडी उजेडात धरा. छर्‍यांचा पट्टा खाचेच्या मधोमध असेल तर भार सरळ येत होता. पट्टा एका कडेला सरकलेला असेल तर बाजूचा जोर आहे, टिमकेन यांच्या वळणासारखा. न फिरणाऱ्या बाहेरच्या कड्यावर पट्टा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तिरका जात असेल तर शाफ्ट वाकडा आहे; तुमच्याही यंत्राखाली कुठेतरी गोथेनबर्गची माती आहे. आणि सारख्या अंतरावर खळगे दिसले, तर यंत्र बंद असताना शेजारचं कुठलं यंत्र त्याला हादरवत असतं, ते आधी शोधा.