बादलीत राखलेली अंडी

कोंबड्या अंड्यावर आल्या की टोपली भरते, आणि पुढे घरात एक अंडं सापडत नाही. इंग्लंडमधल्या बायकांचीही हीच अडचण होती. तिथे वसंतात अंडी भरपूर, हिवाळ्यात टंचाई. दुसऱ्या महायुद्धात तर रेशनवर माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळे.

मग परसात कोंबड्या पाळणाऱ्या बायका ताजी, न तडकलेली, न धुतलेली अंडी सोडियम सिलिकेटच्या पाण्यात बुडवून ठेवत. कवचाची बारीक छिद्रं बुजत, आणि अंडी काही महिने टिकत. उकडण्याआधी कवचाला सुईने टोचावं लागे, नाहीतर ते फुटे. १९४२ पासून सरकारने अंड्याची पूडही दिली. एका पुड्यात १२ अंडी.

आज ती बादली आपण करायची नाही, त्याने जंतू मरत नाहीत. पण 'न धुतलेली' हा शब्द लक्षात ठेवूया. आम्हीही बाजाराला नेताना अंडी धुवायचो, आणि ती लवकर नासायची. धुतल्याने कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. म्हणून आता आम्ही कोरड्या फडक्याने पुसतो आणि गार जागी ठेवतो. अंड्याचा पैसा बाईच्या हातचा, तो वाया का घालवायचा?